सही : मार्गारेट आर

पत्र उधारीच्या वसुलीबद्दल आहे. फ्रान्समधल्या ऑर्लेआँच्या सरदार घराण्याने 1412 साली इंग्लिश फौज मदतीला बोलावली, मोबदल्याचा करार केला आणि पैसे थकवले. त्या थकबाकीतला आपल्या आजीकडून वारशाने आलेला हक्क ऐंशीहून जास्त वर्षं उलटून गेल्यावरही एक म्हातारी बाई सोडायला तयार नव्हती. मुलाने या कामी फ्रान्सच्या राजाला पत्र धाडलं, म्हणून ती त्याचे आभार मानते. 'माझं हे मोठं प्रकरण, इतकी वर्षं दाव्यात अडकलेलं' असं म्हणते. आणि पत्राखाली तारीख घालताना नुसता संत ॲग्नेसच्या सणाचा दिवस लिहून थांबत नाही. पुढे जोडते, 'ज्या दिवशी मी माझ्या गुणी, कृपाळू राजाला, माझ्या एकुलत्या लाडक्या लेकाला या जगात आणलं.'

लेक म्हणजे इंग्लंडचा राजा सातवा हेन्री. बाई म्हणजे मार्गारेट बोफर्ट.

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांच्या वह्या उघडायच्या, थकबाकीवर पेन्सिलीने खूण करायची, 'दस्त कुठे आहे?' असं विचारायचं. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझं लक्ष लढायांपेक्षा कागदाकडे जास्त जातं. मार्गारेट मला भेटली ती अशीच, कागदांतून. तिच्याबद्दल दोन ठरावीक गोष्टी सांगितल्या जातात. एकीत ती साध्वी असते : अंगाला टोचणारा केसाळ सदरा आतून घालणारी, पहाटेपासून गुडघे टेकून प्रार्थना करणारी, गोरगरिबांना पोसणारी. दुसरीत तीच बाई जपमाळेआडून कारस्थानं करणारी, मुलाच्या गादीपायी कोणाच्याही जिवावर उठणारी. हल्लीच्या कादंबऱ्या-मालिकांना दुसरी फार आवडते. मला दोन्ही पटत नाहीत. माझ्या मते ती अशी बाई होती, जिला फार लहानपणी कळलं की आपला सौदा कागदावर होतो. मग तिने कागद वाचायला शिकून घेतलं आणि शेवटी कागद लिहिणाऱ्यांत जाऊन बसली.

सौदा हा शब्द मी तिखटमीठ लावून वापरत नाही. मार्गारेटचा जन्म 31 मे 1443 चा, बेडफर्डशरमधल्या ब्लेट्सो इथला. वडील जॉन बोफर्ट, सॉमरसेटचे ड्यूक. त्याच वर्षी ते फौज घेऊन फ्रान्सला गेले, काही न साधता परतले, राजाची मर्जी गमावली आणि 27 मे 1444 ला वारले. त्यांनी स्वतःच जीव दिला अशी कुजबुज तेव्हाही होती. मुलगी एक वर्षाची व्हायला चार दिवस कमी. जमीनदार मेला आणि वारस अज्ञान असला, की त्याचं पालकत्व राजाकडे जायचं, असा तिथला कायदा. पालकत्व म्हणजे जमिनीचं उत्पन्न खायचा हक्क आणि वारसाचं लग्न ठरवायचा हक्क. राजा तो कोणालाही देऊ शकायचा किंवा विकू शकायचा. मार्गारेटचा पहिला वाढदिवस 31 मे 1444 ला होता. नेमक्या त्याच दिवशी सहाव्या हेन्रीने तिचं पालकत्व सफकच्या विल्यम द ला पोल या आपल्या मर्जीतल्या सरदाराला देऊन टाकलं. पोर राहिली आईजवळच, पण तिच्यावरचा हक्क परक्याच्या पेटीत.

सफकने पुढे तिचं लग्न आपल्या मुलाशी लावलं. दोघंही सहा-सात वर्षांची. सफकची सद्दी संपली, 1450 मध्ये समुद्रावर त्याचं मुंडकं उडवलं गेलं, आणि तीन वर्षांनी राजाने ते लग्न रद्द ठरवलं. पालकत्व आता राजाच्या दोन सावत्र भावांकडे आलं, एडमंड आणि जॅस्पर ट्यूडर यांच्याकडे. मार्गारेट आपल्या लग्नांच्या हिशेबात हे पहिलं लग्न कधी धरतच नसे.

1455 साली बारा वर्षांच्या मार्गारेटचं लग्न एडमंड ट्यूडरशी झालं. तो पंचविशीतला. चर्चच्या कायद्याप्रमाणे मुलीचं लग्नाचं वय बारा, म्हणजे सगळं रीतसर. पण त्या काळच्या सरदार घराण्यांतही इतक्या लहान मुलीला लगेच नांदवायची पद्धत नव्हती. दोन-चार वर्षं थांबत. एडमंड थांबला नाही. त्यामागचं कारण इतिहासकार सांगतात तेही कागदाचंच आहे. बायकोला जिवंत मूल झालं, तर ती मेली तरी तिच्या जमिनी नवऱ्याला हयातभर भोगायला मिळत. मूल नसेल तर सगळं परत तिच्या माहेरच्या वारसांकडे. मार्गारेट ही इंग्लंडमधल्या मोठ्या वारसदारणींपैकी एक होती. बारा वर्षांच्या पोरीच्या पोटात मूल वाढवायची घाई होती, ती या कलमापायी.

(इंग्लंडच्या पंधराव्या शतकाला नाकं मुरडताना आपण जरा जपून असावं. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला तेव्हा मुलीचं वय दहावरून बारावर न्यायचं की नाही, यावर पुण्यात केवढं रण माजलं होतं! बारा. मार्गारेटनंतर चार शतकांनी.)

एडमंडला कलमाचा लाभ झाला नाही. वेल्समधल्या धामधुमीत तो शत्रूच्या हाती सापडला, सुटला, आणि नोव्हेंबर 1456 च्या सुरुवातीला कारमार्दनमध्ये प्लेगने गेला. मागे तेरा वर्षांची गरोदर विधवा. प्लेगच्या मुलखातून ती दीर जॅस्परच्या आसऱ्याला पेम्ब्रोकच्या किल्ल्यात आली. वेल्सच्या पार नैर्ऋत्य टोकाला, खाडीच्या पाण्याने तीन बाजूंनी वेढलेला तो दगडी किल्ला. आणि जानेवारीची थंडी. 28 जानेवारी 1457 ला हेन्री जन्मला. आईचं वय तेरा वर्षं आठ महिने. त्यानंतर तिची आणखी दोन लग्नं झाली, पण मूल पुन्हा कधी झालं नाही. त्या बाळंतपणात शरीराची जी मोडतोड झाली ती कायमची, असंच बहुतेक इतिहासकार मानतात. पुढे तिचा धर्मगुरू झालेला जॉन फिशर एकदा खुद्द राजासमोर केलेल्या भाषणात म्हणाला होता की आई चणीने इतकी लहान आणि वय असं, की तिच्यापोटी कोणी जन्माला आलं हाच चमत्कार. ती पुढेही अंगाने लहानखुरीच राहिली.

मला थबकायला लावते ती पुढची नोंद. बाळंतपणाला दोन महिने होताहेत न होताहेत तोच, मार्चमध्ये, ती जॅस्परबरोबर निघाली आणि न्यूपोर्टजवळ बकिंगहॅमच्या ड्यूकच्या वाड्यावर गेली. कशाला? ड्यूकच्या धाकट्या मुलाशी, हेन्री स्टॅफर्डशी, स्वतःचं लग्न जुळवायला. कोणी म्हणेल, काय ही घाई. पण उलटा विचार करून पाहा. विधवा तरुण, श्रीमंत आणि एकटी. ती बसून राहिली असती तर राजाने पुन्हा कोणाच्या तरी गळ्यात बांधली असती. या वेळी बोलणीच्या जागी ती स्वतः हजर होती. जानेवारी 1458 मध्ये लग्न झालं, आणि ते चांगलं निघालं. मात्र बाळ पेम्ब्रोकला काकाकडेच राहिलं.

पुढचं राजकारण मी घाईने सांगते, कारण ते खरोखर घाईघाईचंच आहे. एकाच राजघराण्याच्या दोन शाखा, लँकेस्टर आणि यॉर्क. मार्गारेट लँकेस्टरकडची, तीही आडवळणाने : तिचे पणजोबा जॉन ऑफ गॉन्ट आणि त्यांची आधीची प्रेयसी, मागाहूनची पत्नी कॅथरीन स्विनफर्ड यांच्या वंशातली. त्या मुलांना 1397 मध्ये औरस ठरवलं गेलं, पण नंतरच्या राजाने 'गादी सोडून' अशी मेख मारून ठेवली होती. थोडक्यात हक्क होता, पण सातबाऱ्यावर शेरा असावा तसा. 1461 मध्ये यॉर्कचा चौथा एडवर्ड गादीवर बसला, जॅस्पर परागंदा झाला, पेम्ब्रोक यॉर्कच्या बाजूच्या विल्यम हर्बर्टने घेतलं आणि किल्ल्यासोबत चार वर्षांचा हेन्रीही त्याच्या हाती गेला. 1462 मध्ये हर्बर्टने त्याचं पालकत्व 1000 पौंडांना विकत घेतलं. आईच्या वाट्याला जे आलं तेच मुलाच्या. फरक इतकाच की या वेळी किंमत लिहून ठेवलेली आहे.

हर्बर्टने पोराला वाईट वागवलं नाही. रॅग्लनच्या वाड्यात आपल्या मुलांबरोबर वाढवलं, शिक्षक ठेवले, पुढेमागे आपली मुलगी देऊन जावई करायचा बेत होता. मार्गारेट आणि स्टॅफर्ड सरेतल्या वोकिंगला राहत. त्या घराच्या जमाखर्चाच्या नोंदी आजही आहेत आणि त्यांत एक आई ठिपक्या-ठिपक्यांनी दिसते. 1467 साली दोघं नवरा-बायको सेव्हर्न नदी ओलांडून रॅग्लनला गेली, आठवडाभर मुलापाशी राहिली. 1469 च्या जुलैमध्ये एजकोटची लढाई झाली, हर्बर्ट पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. बारा वर्षांचा हेन्री त्या रणांगणाजवळ होता. मार्गारेटने ताबडतोब माणसं दौडवली : पोरगा कुठे आहे, जिवंत आहे का? तो एका आश्रयदात्याच्या घरी सुखरूप असल्याचं कळलं, तेव्हा ज्यांनी त्याला सांभाळलं त्यांना बक्षीस गेलं आणि मुलासाठी धनुष्यबाण घ्यायला पैसे गेले. 'मन चिंतातुर झाले' वगैरे त्या वहीत कुठे नाही. स्वार, बक्षीस, धनुष्यबाण. मी उभ्या आयुष्यात खर्चाचे हजारो रकाने पाहिले, पण एवढं बोलणारे क्वचित.

1470 मध्ये वारं फिरलं, सहावा हेन्री थोड्या महिन्यांसाठी पुन्हा गादीवर आला. जॅस्पर पुतण्याला घेऊन लंडनला आला, मार्गारेटने मुलाला राजाच्या भेटीला नेलं, काही दिवस वोकिंगला नेऊन ठेवलं. तो तेरा वर्षांचा, ती सत्तावीसची. मग तो काकाबरोबर वेल्सला परत गेला. 1471 च्या वसंतात सगळं पुन्हा उलटलं. बार्नेटच्या लढाईत स्टॅफर्ड मात्र एडवर्डच्या बाजूने उतरला आणि जबर जखमी झाला. ट्यूक्सबरीला लँकेस्टरचा एकुलता राजपुत्र मारला गेला. जॅस्पर आणि हेन्री टेन्बीच्या बंदरातून होडीत बसून निघाले आणि ब्रिटनीच्या किनाऱ्याला लागले. त्यानंतर चौदा वर्षं मायलेकरांची भेट नाही.

आपल्याकडे राजमाता म्हटलं की डोळ्यांपुढे जिजाऊ उभ्या राहतात : लेकराला मांडीवर घेऊन गोष्टी सांगणाऱ्या, त्याच्या प्रत्येक बेतात जवळ असणाऱ्या. मार्गारेटच्या नशिबी ते नव्हतं. तिच्याकडे मुलगा नव्हताच. मुलाचा हक्क तेवढा होता. हक्क जिवंत ठेवायचा तर आधी स्वतः उभं राहायला हवं. स्टॅफर्ड त्याच ऑक्टोबरमध्ये गेला आणि आठ महिन्यांत, जून 1472 मध्ये, तिने थॉमस स्टॅन्लीशी लग्न केलं. प्रेमाबिमाचा प्रश्न नव्हता. स्टॅन्ली लँकेशरचा बडा धनी, यॉर्कच्या दरबारात वजनदार, आणि कुठल्याही लढाईत नेमक्या वेळी नेमक्या जागी न पोचण्याची कला अवगत असलेला. एडवर्डच्या राज्यात तिला असाच नवरा हवा होता. तिने दरबारात हळूहळू जागा केली आणि मुलाला माफी मिळवून, त्याच्या जमिनींसह परत आणायची बोलणीही बरीच पुढे नेली. म्हणजे तोवर तिला गादी नको होती, पोरगा घरी यायला हवा होता. हे कारस्थानवाल्या गोष्टीत सहसा कोणी सांगत नाही.

एप्रिल 1483 मध्ये एडवर्ड अचानक वारला. त्याच्या दोन लहान मुलांना बाजूला सारून त्यांचा काका तिसरा रिचर्ड गादीवर बसला. मुलं लंडनच्या टॉवर या किल्ल्यात गेली आणि पुन्हा कोणाला दिसली नाहीत. 6 जुलैला रिचर्डचा राज्याभिषेक झाला, तेव्हा नव्या राणीच्या झग्याचा मागचा घोळ हातात धरून चालणारी बाई कोण, तर मार्गारेट. आणि थोड्याच आठवड्यांत तिचा वेल्श वैद्य लुईस कारलिऑन वेस्टमिन्स्टरच्या मठात आश्रयाला बसलेल्या एडवर्डच्या विधवेला, एलिझाबेथ वुडव्हिलला, 'तपासायला' जाऊ लागला. दोघींचा वैद्य एकच. कोण संशय घेणार? निरोप असा : माझा मुलगा आणि तुझी मोठी मुलगी. दोन शाखा, एक लग्न, एक गादी. दोन बायकांची ही बोलणी रिचर्डच्या सगळ्या हेरांच्या नाकाखाली झाली. मला यात कारस्थानापेक्षा सोयरीक जास्त दिसते. मध्यस्थाच्या हातात नाडी आणि पोटात निरोप.

त्या दोन मुलांचा खून मार्गारेटने करवला असं म्हणणारे आजही निघतात. हा आरोप पहिल्यांदा नीट मांडला गेला तोच शतकभरानंतर, आणि पुरावा म्हणाल तर शून्य. फायदा कोणाचा झाला यावरून चोर ठरवायचा असेल, तर आमच्या खात्यात निम्मे लोक गजाआड गेले असते.

रिचर्डविरुद्धचा ऑक्टोबर 1483 चा उठाव फसला. त्यात उतरलेला बकिंगहॅमचा ड्यूक (मार्गारेटच्या सासऱ्याचा, आधीच्या ड्यूकचा नातू) पकडला जाऊन सॉल्सबरीत मारला गेला, हेन्रीची जहाजं वादळामुळे परत फिरली. मार्गारेटवर राजद्रोह शाबीत होता. पुरुष असती तर डोकं गेलं असतं. रिचर्डला स्टॅन्लीला दुखवायचं नव्हतं. म्हणून 1484 च्या पार्लमेंटने शिक्षा ठरवली ती अशी : तिची सगळी मालमत्ता काढून नवऱ्याला हयातभर द्यायची, आणि तिने नवऱ्याच्या नजरकैदेत राहायचं, बाहेर कोणाशी निरोपानिरोपी न करता. निरोप जातच राहिले. तिचा कारभारी रेजिनाल्ड ब्रे पैसे आणि माणसं जमवत राहिला. नजर ठेवायची ती स्टॅन्लीने. त्याची नजर तशी मुळात सोयीचीच होती.

7 ऑगस्ट 1485 ला हेन्री मिलफर्ड हेवनजवळ उतरला, 22 तारखेला बॉसवर्थला रिचर्ड पडला. थॉमस स्टॅन्लीने नेहमीप्रमाणे लढाई बघितली. त्याच्या भावाने ऐन वेळी घोडदळ घातलं. लढाईचं वर्णन तुम्हाला कुठेही सापडेल. मी वळते त्याच सालच्या शेवटी भरलेल्या पार्लमेंटकडे, कारण माझ्या मते मार्गारेटची लढाई तिथे जिंकली गेली. त्या काळी लग्न झालेल्या बाईला कायद्याने स्वतःची अशी मालमत्ता नसे. जे तिचं ते नवऱ्याच्या ताब्यात. पार्लमेंटने एक कायदाच केला : राजमाता मार्गारेट हिने नवरा हयात असतानाही एकट्या, अविवाहित स्त्रीप्रमाणे जमिनी धराव्यात, करार करावेत, दावे लावावेत. बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जे कलम एडमंडच्या कामी येणार होतं, त्याच्या थेट उलटं कलम बेचाळीस वर्षांच्या बाईने स्वतःसाठी करवून घेतलं. करवून घेतलं असंच मी म्हणणार. असा मजकूर आपोआप कोणाला सुचत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही साध्वीचीच गोष्ट लिहीत बसेन. मुलाने राज्य मिळाल्यावर आईला जे दिलं त्यात बकिंगहॅमच्या अज्ञान मुलाचं, एडवर्ड स्टॅफर्डचं, पालकत्वही होतं. म्हणजे इंग्लंडमधल्या एका मोठ्या जहागिरीचं उत्पन्न. ज्या व्यवस्थेने तिला एक वर्षाची असताना उचललं, तिचा मुलगा 1000 पौंडांना विकला, त्याच व्यवस्थेत ती आता घेणाऱ्याच्या बाजूला बसली. पोराचं शिक्षण चांगलं केलं, यात शंका नाही. पण व्यवस्था वाईट आहे असं तिला वाटल्याची खूण कुठे नाही. सहन केलेलं माणसाला दर वेळी कनवाळू करतंच असं थोडंच आहे? घेणेकरी म्हणूनही ती चिवट होती. ऑर्लेआँच्या उधारीचं वर आलंच.

1499 च्या सुमाराला तिने नवऱ्याच्या संमतीने ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं, त्याच्यापासून वेगळं बिऱ्हाड केलं आणि नॉर्थॅम्प्टनशरमधल्या कॉलीवेस्टनला राहायला गेली. स्टॅन्ली येऊन-जाऊन असे, त्याच्यासाठी खोल्या राखून ठेवलेल्या होत्या, भांडण नव्हतं. सही बदलली ती याच काळात. आधी 'एम. रिचमंड', आता 'मार्गारेट आर'. एडमंड रिचमंडचा अर्ल होता, म्हणून रिचमंड. पण हा आर रिचमंडचा की 'रेजिना'चा, म्हणजे लॅटिनमधल्या राणीचा, ते तिने वाचणाऱ्यावर सोडून दिलं. कॉलीवेस्टनला तिच्या मंडळासमोर मध्य इंग्लंडमधले तंटे चालत; राजाचा अंमल तिथे आईच्या हातून चाले. घरासाठी तिने नियम लिहवून घेतले होते आणि ते वर्षातून चार वेळा सगळ्या नोकरमाणसांना मोठ्याने वाचून दाखवले जात. फिशरने ही गोष्ट तिच्या सद्गुणांत मोजली आहे. मी तर म्हणते, तिमाही ताळेबंदाची सवय! त्याच घरात बारा गरीब माणसं कायमची पोसली जात, आजारी पडली तर ती स्वतः शुश्रूषा करायची. आणि त्याच घरात ती पैसे लावून बुद्धिबळ आणि पत्तेही खेळायची. केसाळ सदऱ्यासकट.

सून एलिझाबेथचं (एलिझाबेथ वुडव्हिलची तीच मोठी मुलगी) आणि तिचं कसं होतं, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. सासू राणीला दाबून ठेवते, असं एका स्पॅनिश बातमीदाराने कळवलं होतं. असेलही. राजवाड्यात दोन बायका सारख्याच थाटाचे झगे घालून वावरत होत्या, आणि त्यांतली एकच राणी होती. पण 1498 सालचा एक कागद असा आहे की त्यापुढे हे सगळं फिकं पडतं. स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सला हेन्रीची थोरली मुलगी द्यायची बोलणी चालली होती. मुलगी जेमतेम आठ पुरी केलेली, नाव आजीचंच, मार्गारेट. जेम्स पंचविशीतला. हेन्रीने स्पेनचा वकील पेद्रो दे आयाला याला सांगितलं की मला स्वतःला शंका आहेतच, शिवाय राणी आणि माझी आई या लग्नाच्या फार विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं, लग्न झालं की मुलीला लगेच पाठवावं लागेल, आणि स्कॉटलंडचा राजा थांबणार नाही. तिला इजा करील, तिच्या प्रकृतीला धोका होईल.

'थांबणार नाही.' हे वाक्य दोघींचं म्हणून आलं आहे, पण त्यातली एक स्वतःच्या अनुभवावरून बोलत होती. पेम्ब्रोकबद्दल मार्गारेटने कुठे तक्रार लिहिलेली नाही. एडमंडबद्दल वाईट शब्द नाही. उलट त्याच्याशी झालेलं लग्न म्हणजे संत निकोलसने स्वप्नात दिलेला कौल, अशी गोष्ट ती सांगत असे. चाळीस वर्षं जे बोलली नाही ते नातीच्या वेळी राज्याच्या धोरणात आडवं घातलं. लग्न लांबलं. 1503 च्या ऑगस्टमध्ये झालं, तेव्हा नात तेरा वर्षांची होती. सासरी जाताना वाटेत आजीच्या कॉलीवेस्टनला मुक्काम करून गेली. तिचं पहिलं मूल 1507 सालचं. सतरा वर्षं.

तिचा मुलगा तिला कमी पत्रं लिहायचा, पण लिहायचा तेव्हा राजा उरत नसे. एका पत्रात तो माफी मागतो : आई, माझी नजर पूर्वीसारखी राहिली नाही, दिवसेंदिवस उतरणार हेही मला ठाऊक आहे, आपल्या हाताने वरचेवर लिहिलं नाही तर रागावू नकोस, हे एक पत्र पुरं करायला मला तीन दिवस लागले. हाच हेन्री खजिन्याच्या वहीच्या पानापानावर स्वतः सही करायचा. चौदा वर्षं भेट नाही, वाढवायला मिळालं नाही, तरी आईची सवय बरोबर उचलली.

वाचनाचं वेड तिचं खरं होतं. लॅटिन नीट शिकायला मिळालं नाही याची तिला खंत होती, म्हणून फ्रेंचवरून तिने स्वतः दोन धार्मिक पुस्तकं इंग्रजीत आणली आणि ती छापली गेली. छपाई तेव्हा इंग्लंडमध्ये नवीन. कॅक्स्टन आणि त्याच्यानंतर विंकिन द वर्ड, दोघांनाही तिने काम दिलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला धर्मशास्त्राच्या अध्यापकाची एकेक जागा तिच्या पैशावर उभी राहिली. त्या आजही तिच्याच नावाने चालतात. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजचं 1505 चं दानपत्र तिचं.

नातू आर्थर 1502 मध्ये गेला, सून 1503 मध्ये बाळंतपणात, नवरा 1504 मध्ये. 21 एप्रिल 1509 ला हेन्रीही गेला. 24 जूनला नातवाचा, आठव्या हेन्रीचा, राज्याभिषेक झाला आणि ती रडली. मुलाच्या राज्याभिषेकालाही ती अशीच रडली होती. सुखाच्या पाठोपाठ काय येतं ते आपल्याला ठाऊक आहे, असं तिचं म्हणणं, फिशर सांगतो. पाच दिवसांनी, 29 जूनला, वेस्टमिन्स्टरमध्येच ती वारली. नातू आदल्या दिवशी अठरा वर्षांचा झाला होता.

वेस्टमिन्स्टर ॲबीत तिची समाधी आहे, पिएत्रो तोरिजानोच्या हातची. तरुणपणी मायकलअँजेलोचं नाक फोडणारा तो हाच. ब्राँझची, सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती, पण अंगावर दागिना नाही. विधवेचा साधा वेश. नमस्कारासाठी जुळवलेले हात म्हातारीचे आहेत, कातडी सुरकुतलेली, शिरा वर आलेल्या. भोवतीचा मजकूर इरॅस्मस या विद्वानाने लिहिला आणि त्याबद्दल त्याला वीस शिलिंग मिळाले.

केंब्रिजच्याच सेंट जॉन्स कॉलेजचं काम मात्र अर्धवट राहिलं. मृत्युपत्राला जोडायचा जो कागद त्यासाठी हवा होता, त्यावर शिक्कामोर्तब होण्याआधीच ती गेली. आयुष्यभर कागद पक्के करणाऱ्या बाईचा हा एकच कच्चा राहिला आणि तो नेमका नातवाने धरला. वारस मी, जमिनी माझ्या, असं आठव्या हेन्रीचं म्हणणं. फिशर वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिला. 1511 मध्ये सनद मिळाली, पण जमिनींचा मोठा भाग राजाच्या घशात गेला. त्या बदल्यात जे हाती आलं त्यात एक मोडीत निघालेलं इस्पितळ आणि पुढे जोगिणींचे दोन बंद केलेले मठ होते. एवढ्यावर 1516 साली कॉलेज उघडलं. राजाच्या दुसऱ्या लग्नाला आणि धर्मसत्तेला मान्यता द्यायला नकार दिला म्हणून त्याच नातवाने जून 1535 मध्ये फिशरचा शिरच्छेद केला. मार्गारेटच्या अखेरच्या वर्षांतल्या घरखर्चाच्या वह्या सेंट जॉन्सच्या दप्तरात ठेवलेल्या आहेत.